पाटाएवढी जागा

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही मी बनवलेलं नाही. आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. दिवसाढवळ्या, खिडक्या सताड उघड्या असताना घडलंय. चिखलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, गेल्या डिसेंबरापासून.

नवरा, शेखर, चाकणच्या कंपनीत. मी घरून काम करते. आमची इरा नुकती चालायला लागली होती आणि खाली दिसेल ते तोंडात घालायची. म्हणून झाडू मारणारा रोबो घ्यायचं ठरवलं.

दुकानदार म्हणाला, "ओपन बॉक्स घ्या मॅडम. एका बाईंनी परत दिलाय. खोका फक्त उघडलाय, बाकी नवाकोरा."

मी खूश. नव्या वस्तूचं कौतुक करायला सासूबाई होत्याच.

त्या जुन्या चिखलीतल्या. घरात मिक्सर आला तरी त्याला हळदीकुंकू. त्यांनी हॉलच्या मधोमध पाट मांडला, रोबो त्यावर ठेवला, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळला.

"ये बाय, बस. आपलंच घर हाय," म्हणाल्या.

"आई, ते मशीन आहे, पाहुणी नाही," मी हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी इराला आत झोपवलं आणि रोबो सुरू केला. मी ऑफिसच्या कॉलवर होते.

टक्.

टक्... टक्...

भिंतीला आपटत असेल म्हणून बघायला गेले. रोबो हॉलच्या मधोमध होता. समोर काहीच नव्हतं. तो पुढे जायचा, टक् करून थांबायचा, मागे व्हायचा, दुसऱ्या बाजूनं पुन्हा पुढे... टक्.

मी तिथे हात फिरवला. नुसती हवा.

हा रोबो मोबाइलवर घराचा नकाशा काढतो. झाडलेली जागा निळी दिसते. हॉलच्या मध्ये एक तुकडा पांढराच राहिला होता...

पाटाएवढा.

पाट तर आदल्या दिवशीच उचलून ठेवला होता.

"सेन्सर गंडला असेल," म्हणून शेखरने विषय संपवला. मलाही तेच ऐकायचं होतं. पण पुढच्या दिवशी हॉल सगळा निळा झाला आणि पांढरा तुकडा बेडरूमच्या दारात आला.

आणि त्याच्या पुढच्या दिवशी...

इराच्या गादीला खेटून.

रोबो तिथे जाऊन टक् करून थांबला. इरा झोपेत खुदकन हसली. तिला उचललं, रोबो खोक्यात कोंबला आणि तडक दुकान गाठलं.

"परत करायचं कारण?" दुकानदाराने विचारलं.

"मधेच अडतो. समोर काही नसताना."

त्याचा चेहरा उतरला. "त्या बाईपण हेच म्हणाल्या होत्या. वर म्हणाल्या, जो घेईल त्याला सांगा, वापरा, पण याला घरात 'बस' म्हणू नका. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. म्हणून नाही सांगितलं."

मला त्याची मान धरावीशी वाटली.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं.

"आगं, मीच पाट दिला. मीच बस म्हनले. मशीन गेलं गं... पर बसवलेली कशी जाईल?"

मी त्यांच्यावर ओरडले, खरं तर भीतीनं. त्यानंतर आवाज नाही, टक् नाही. घर शांत. मला वाटलं, सुटलो.

मग इराचं चालणं लक्षात आलं.

ती हॉलमधून येताना सरळ येत नाही. मधेच वळसा घालते... जागा रोज वेगळी. आम्हाला तिथे काहीच दिसत नाही. रोबो होता तेव्हा निदान कळायचं तरी, ते कुठे बसलंय.

आता फक्त इराला कळतं.

शेखर म्हणतो, लहान मुलं तशीच चालतात. मीही तेच म्हणत होते... आज सकाळपर्यंत.

माझ्या मांडीत बसायचं असलं की इरा माझ्याकडे पाठ करते आणि हळूहळू मागे सरकते. आज मी ओट्यापाशी होते. वळून पाहिलं तर ती हॉलमध्ये एका रिकाम्या जागेकडे पाठ करून उभी होती...

आणि हळूहळू मागे सरकत होती.

मी धावत जाऊन तिला उचललं. ती जोरात रडायला लागली आणि त्या जागेकडे दोन्ही हात पसरून जाऊ बघत होती.

हे लिहितानाही ती माझ्या मांडीवर आहे. तिला खाली सोडायची माझी हिंमत होत नाही.