त्या ट्रकच्या काचा

मी शिवणकाम करते. गोष्टी रचणं हा माझा धंदा नाही. त्यामुळे घडलं तसंच सांगते, आणि ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी वाद घालणार नाही.

हे माझ्या मोठ्या बहिणीच्या घरात घडलं. तिसरा मजला, गुरुवार, भरदुपार.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा चालू होती.

म्हणून तर जास्त भीती वाटते.

त्या दिवसांत ताई जिन्यात पडली होती. पाय प्लास्टरमध्ये. घरात ती आणि भाऊजी दोघंच. मी माझं मशीन उचललं आणि तिच्याकडे राहायला गेले. तिचं करायचं, आणि मधल्या वेळात लोकांचे कपडे शिवायचे.

भाऊजी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. बारीक कामाचा हात. घरी आले की तोच हात मॉडेल किटवर चालतो. किट म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग. चाकं, दारं, इंजिन. ते जोडायचे, रंगवायचे आणि खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी गाडी करायची. पण भाऊजींचा जीव खरा रमतो तो त्याच्या पुढच्या कामात. नवीकोरी गाडी जुनी करण्यात. स्पंजाच्या तुकड्याने कडांवर टिपके द्यायचे, म्हणजे रंग उडाल्यासारखा दिसतो. गंजाचे ओघळ काढायचे. टायरच्या खाचांत चिखल भरायचा.

त्याला ते वेदरिंग म्हणतात. ताई वेड म्हणते.

“मी घासून घासून भांडी चकचकीत करायची,” ती मला सांगायची, “आणि हे बघ, नव्या गाडीला गंज लावत बसलेत!”

भाऊजींच्या ओळखीचे एक घड्याळवाले काका होते. घड्याळं दुरुस्त करायचे आणि असेच किट बनवायचे. ते वारले. काकूंनी त्यांची सगळी खोकी भाऊजींना देऊन टाकली. “माझ्याने बघवत नाहीत,” म्हणाल्या.

त्या खोक्यांत एक ट्रक होता.

वीतभर लांबीचा मालट्रक. जवळजवळ पूर्ण झालेला. स्टिअरिंगवरचा रंग हात लागून झिजल्यासारखा केलेला. ड्रायव्हरची सीट मधोमध दबलेली. मला त्यातलं काही कळत नाही, तरी मी बघतच राहिले.

“काय हात होता काकांचा!” भाऊजी म्हणाले. मग ट्रक फिरवून बघता बघता थांबले. “पण हा चिखल...”

चिखल टायरपुरता नव्हता. दारांवर होता. खिडक्यांच्या चौकटींवर होता. थेट छतावर होता.

“एवढा चिखल कुठल्या रस्त्यावर असतो?” ते स्वतःशीच म्हणाले.

एकच काम राहिलं होतं. काचा. पारदर्शक प्लास्टिकच्या त्या काचा पिशवीत तशाच पडल्या होत्या. पिशवी फोडलेलीसुद्धा नव्हती.

“एवढ्यासाठी कशाला अडकून ठेवायचं? आटोपून टाकतो.”

त्याच संध्याकाळी त्यांनी केबिनचा वरचा भाग उचलला, आतून एकेक काच चिकटवली आणि वरचा भाग पक्का बसवून टाकला. केबिन बंद झाली. हवासुद्धा जायला फट राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या खोलीत शिवत होते. ताई दिवाणावर आडवी. भाऊजी लॅबमध्ये.

मला आवाज आला...

टक्. टक्.

मशीनचा असेल म्हणून पाय थांबवला. मशीन थांबलं.

टक्... टक्.

मागच्या खोलीतून येत होता. तिथे भाऊजींचं टेबल आहे. नखाने प्लास्टिकवर वाजवल्यासारखा बारीक आवाज.

“ताई, ऐकलंस?”

“पाल असेल गं.”

मी आत गेले. आवाज बंद. पाल नव्हती. टेबलावर ब्रश, रंगांच्या बाटल्या, ट्रक.

ट्रकच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

संध्याकाळी भाऊजींना सांगितलं तर ते हसले. “सुपरग्लूची वाफ आहे ती. काचेच्या आतून बसते आणि पांढरी पडते. शिकाऊ माणसाची चूक, आणि मी केली!” त्यांना बिचाऱ्यांना स्वतःचाच राग आला होता.

“मग आता जाणार कशी?”

“जात नाही ती. काच बदलावी लागते.”

पण सकाळी काचा स्वच्छ होत्या.

दुपारी परत पांढऱ्या...

भाऊजींनी मग हसणं सोडलं. थंडीत आपण गाडीत बसून बोलत राहिलो की काचा कशा धुरकट होतात? अगदी तसं. पांढरेपण हळूहळू चढायचं. हळूहळू उतरायचं.

आणि एका संध्याकाळी त्या पांढऱ्या काचेवर पुसल्याची खूण दिसली.

ड्रायव्हरच्या बाजूला. तिळाएवढी. कुणीतरी बाहेर बघायला तेवढीच जागा बोटाने पुसावी, तशी.

“बाहेरून लागलं असेल काहीतरी,” मी म्हणाले. भाऊजींनी बाहेरून काडीला कापूस गुंडाळून पुसून पाहिलं. खूण हलली नाही. आतून होती.

त्यांनी कपाळावर बांधायची भिंगं डोळ्यांवर ओढली. ट्रक उचलून अगदी जवळ नेला.



“काय दिसतंय?”

त्यांनी भिंगं काढली. चेहरा उतरला होता. ट्रक खाली ठेवला. 

“काही नाही. धूळ आहे.”

त्यानंतर त्यांना दम लागायला लागला.

आधी जिना चढताना. मग बसल्या बसल्या. जेवताना मध्येच थांबायचे, शर्टाचं वरचं बटण उघडायचे, खिडकीकडे बघायचे. “कोंदट होतंय गं इथे,” म्हणायचे, आणि खिडकी तर सताड उघडी असायची. ताईने रंगांच्या वासावर खापर फोडलं. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ.

मला मात्र एक गोष्ट दिसत होती आणि तोंडातून काढायचा धीर होत नव्हता.

काचा पांढऱ्या झाल्या की त्यांना दम लागायचा. काचा निवळल्या की बरं वाटायचं.

आणि काचा आता पूर्ण निवळतच नव्हत्या...

शेवटी एकदा ताई चिडली. “अहो, ते खेळणं टाकून द्या बघू!”

“एवढी सुंदर वस्तू कोणी टाकतं का?” भाऊजी म्हणाले. पुढे हळूच म्हणाले, “आणि टाकायचा म्हणजे... तसाच? बंद?”

ताईला ते कळलं नाही. मला कळलं.

मग तो गुरुवार.

भाऊजींनी लॅबमधून रजा घेतली होती. मागच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. “तिथे वारा चांगला येतो,” म्हणाले. आता खोकलाही लागला होता, तो बाहेरपर्यंत ऐकू येत होता. आणि त्या खोकल्याच्या मधे मधे...

टक् टक्. टक् टक् टक्.

आता थांबत नव्हतं. मी मशीन जोरात चालवत होते. आवाज बुडावा म्हणून.

फोन वाजला. घड्याळवाल्या काकूंचा होता. ताईने घेतला आणि स्पीकरवर टाकला, कारण तिच्या एका हातात चहाचा कप होता.

“बरे आहात ना सगळे? सहज केला गं फोन. खोक्यांचं काय केलंत?”

“हे रमलेत त्यात,” ताई म्हणाली. “तो ट्रक तर पूर्णसुद्धा केला.”

“कुठला ट्रक?”

“तो चिखलाचा. काचा तेवढ्या राहिल्या होत्या ना, त्या बसवल्या.”



“काकू? हॅलो?”

“तो ट्रक त्यात होता?” काकूंचा आवाज ओळखू येईना. “काचा काढ त्याच्या. आत्ताच्या आत्ता काढ. ऐकतेस ना? फोड त्या!”

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं...

मागच्या खोलीतली टकटक थांबली होती.

खोकलाही थांबला होता.

मी धावले. खिडकी उघडी होती. पडदा वाऱ्याने उडत होता. टेबलावरचे कागद फडफडत होते. एवढी हवा होती त्या खोलीत.

आणि भाऊजींना श्वास घेता येत नव्हता.

तोंड उघडं. डोळे बाहेर आलेले. दोन्ही हात समोर धरलेले, आणि तळहात सपाट. समोर काहीच नव्हतं, पण ते ढकलत होते. नखांनी ओरबाडत होते. जसं काही तिथे...

मी त्यांना हलवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मी दिसले नाही त्यांना. आणि एवढा माणूस तडफडतोय, तर घशातून आवाज नाही. टिचकीएवढासुद्धा नाही.

टेबलावर ट्रक होता. सगळ्या काचा दुधासारख्या पांढऱ्या.

माझ्या हातात धागा कापायची कात्री तशीच राहिली होती. मी ट्रक छातीशी दाबून धरला आणि कात्रीचं टोक पुढच्या काचेत खुपसलं.

पहिल्यांदा सटकलं. दुसऱ्यांदाही. ताई कुबडीवर लंगडत दारात आली होती आणि किंचाळत होती. तिसऱ्यांदा काच तडकली.

आतून हवा आली.

खोटं सांगत नाही. वीतभर खेळण्यातून माझ्या चेहऱ्यावर गार हवेचा झोत आला. त्याला ओल्या मातीचा वास होता. बंद, कुबट, जुना.

आणि भाऊजींनी श्वास घेतला. केवढा मोठा! पाण्याबाहेर डोकं काढल्यावर घेतो ना, तसा. मग ते खुर्चीतून खाली कोसळले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

त्यांना आम्ही काही विचारलं नाही. त्यांनीही आजपर्यंत सांगितलेलं नाही. फक्त त्या संध्याकाळी एकदा म्हणाले, “अंधार होता.”

ताईचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही तिघं काकूंकडे गेलो. ट्रक एका उघड्या टोपलीत ठेवला होता. खोक्यात घालायची कोणाची हिंमत नव्हती.

काकूंनी दारातच सगळं सांगितलं. आत या म्हणाल्या नाहीत.

“माझा धाकटा दीर ट्रक चालवायचा. घाटातून माल घेऊन येत होता. डोंगर खाली आला. सगळी गाडी चिखलाखाली. उकरून काढली तेव्हा केबिन शाबूत होती. काचा वर केलेल्या. एक काचसुद्धा फुटली नव्हती.” त्यांची नजर टोपलीकडे गेली. “अंगावर ओरखडासुद्धा नव्हता त्याच्या. काचा मात्र आतून पांढऱ्या झालेल्या.”

ताईने माझा दंड घट्ट धरला.

“ह्यांनी त्याच्या गाडीसारखा हा ट्रक बनवायला घेतला. मी नको म्हणत होते. बाकी सगळं केलं, पण काचा लावल्या नाहीत. हात धजत नाही म्हणायचे, लावल्या की तो परत आत कोंडला जाईल म्हणायचे. मला वाटलं, हे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर चितेवर ठेवला असेल कोणीतरी. खोक्यांत गेला हे मला कळलंच नाही गं.”

“एकटेच होते का ते गाडीत?” भाऊजींनी विचारलं. त्या दिवशी भिंगातून त्यांना एकच माणूस दिसला नसावा, असं मला तेव्हा वाटलं.

“एकटाच. दुसरं कोण असणार? शोधलं की सगळ्यांनी. एकटाच होता.”

मग काकूंनी टोपलीतून ट्रक उचलला. हलक्या हाताने, झोपलेलं बाळ उचलावं तसा. फुटलेल्या काचेवरून बोट फिरवलं.

आणि तो कानाला लावला.

आम्ही उभे. जिन्यात कुणाच्या तरी घरातला रेडिओ ऐकू येत होता. काकूंनी डोळे मिटले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी सैल झाला. ओठांवर हसू आलं.

मग ते हसू गेलं...

त्यांनी डोळे उघडले. आमच्याकडे बघितलं. इतकं घाबरलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

“तो गेला,” त्या पुटपुटल्या. “पण आत अजून एक आहे.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आम्ही परत बेल वाजवली नाही. कोण आहे, हे विचारलं नाही. तिघं गुपचूप जिना उतरलो.

नंतर मी काकूंना दोन-तीनदा फोन केला. त्या उचलतात. बऱ्या आहेत म्हणतात. पण बोलताना मध्येच गप्प होतात, जणू त्यांना दुसरीकडे कान द्यायचा असतो.

आणि त्या गप्प झाल्या की मी पटकन फोन ठेवते.

मला काही ऐकू यायच्या आत.