रिकाम्या खुर्चीतला माणूस

"बाबा खुर्चीतच बसलेत," ऋग्वेदा फोनवर म्हणाली. "पेपर वाचतायत. तुम्ही कुठे आहात?"

सब-इन्स्पेक्टर आकांक्षा परब त्याच खुर्चीसमोर उभी होती. खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, मी तुमच्या बाबांच्या हॉलमध्येच आहे. आत्ताच कुलूप तोडून आत आलेय. इथे कोणी नाही."

"असं कसं? मला ते दिसतायत. तुम्ही दिसत नाही."

आकांक्षाने भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवला. "आता?"

टोरांटोत ऋग्वेदा कॅमेऱ्याच्या चित्राकडे बघत होती. ती अगदी हळू म्हणाली, "त्यांनी पान उलटलं."

गिरगावातल्या त्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अच्युत तळपदे एकटे राहत. वय चौऱ्याहत्तर, बँकेतून निवृत्त. बायको गेली तेव्हा एकुलती एक मुलगी आली होती. परत जाताना तिने घरात इंटरनेट घेतलं आणि हॉलमध्ये कॅमेरा लावला. तिकडे सकाळी उठली की ती आधी फोनवर बाबांना बघायची. बाबा दिसले की तिचा दिवस सुरू व्हायचा.

परवापासून बाबांचे मेसेज बंद झाले. फोनही बंद. कॅमेऱ्यात मात्र बाबा मजेत. शेवटी तिने पोलीस स्टेशनला फोन लावला.

"शेवटचं बोलणं कधी झालं?" आकांक्षाने विचारलं.

"बोलणं असं नाही. दोनेक महिने मेसेजच. फोन केला की कट करतात. नेटवर्क खराब आहे, आवाज तुटतो, लिहून पाठव म्हणतात."

"तुम्हाला इथे येता येईल?"

"नाही. मला सातवा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत. डॉक्टरांनी पलंगावरून उठूही नका म्हटलंय."

आकांक्षाने फोन ठेवला आणि घर बघायला घेतलं. झटापटीची खूण नव्हती. कपाटातले दागिने जागच्या जागी होते. दाढीचं सामान, टूथब्रश, फोनचा चार्जर मात्र नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मधाची बाटली, ज्येष्ठमधाच्या कांड्या आणि एक पेला. पेल्याच्या तळाशी मीठ वाळून बसलं होतं. घरात एकच ताट, एकच वाटी बाहेर काढलेली. आकांक्षा जरा थबकली. लालबागला ती एकटीच राहायची, तिच्या ओट्यावरही एकच ताट, एकच वाटी असायची.

हॉलच्या कोपऱ्यात राउटरचे दिवे लुकलुकत होते. त्यातून दोन वायरी निघत होत्या. पांढरी कॅमेऱ्यापर्यंत गेली होती, पण तिथे तिचं टोक सुटं लोंबत होतं. कॅमेरा कशालाच जोडलेला नव्हता.

निळी वायर भिंतीवरून चढून झरोक्यातून बाहेर गॅलरीत गेली होती. तिथे विजेच्या आणि केबलच्या जुन्या वायरींचा गुंताडा होता. त्यात ती कुठे गेली ते कळेना.

समोरचं दार उघडलं. साठीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या. उर्मिला कोठारे, शाळेतून निवृत्त, लग्न केलेलं नाही.

"तळपदे काकांना शेवटचं कधी बघितलंत?"

"सोमवारी. पिशवी घेऊन निघाले होते."

"कुठे?"

"मी विचारलं नाही."

"इतके दिवस कुलूप आहे. काळजी नाही वाटली?"

"माणसं जातात, येतात."

"त्यांच्याकडे कोण यायचं?"

"कोण येणार? या मजल्यावर आम्ही दोघंच उरलोय. बाकीची घरं बंद आहेत."

"ही निळी वायर कुठे जाते?"

"मला त्यातलं काही कळत नाही हो. माझ्याकडे आपला साधा फोन आहे."

आकांक्षा वळली. ती जिन्यापाशी पोचली तेव्हा मागून बाईंनी विचारलं, "ऋग्वेदाला अजून दिसतायत का ते?"

"हो," आकांक्षा म्हणाली आणि खाली उतरली.

जीपमध्ये बसताना हवालदाराने मोबाइल कंपनीचं उत्तर दाखवलं. तळपद्यांचा फोन परवा बंद झाला होता. शेवटचं लोकेशन हीच इमारत.

राउटर बसवणाऱ्या अजितचं दुकान ठाकूरद्वारला होतं. आकांक्षाने त्याला निळ्या वायरीचा फोटो दाखवला.

"ही तू टाकलीस?"

"नाय मॅडम. मी पांढरी टाकली. निळी वायर, क्लिपा आणि टोकं लावायची पक्कड काकांनी माझ्याकडून नेली. बोलले, आम्हीच टाकू. त्या बिल्डिंगच्या भिंती एवढ्या जाड, वायफाय पलीकडे जात नाय."

"आणखी काय विचारायचे?"

"लय विचारायचे. आम्हाला हे समजाव, आम्हाला ते समजाव. एकदा विचारलं, कॅमेऱ्याचा नंबर दुसऱ्या मशीनला देता येतो काय?"

"म्हणजे?"

"घरातल्या प्रत्येक मशीनला राउटर एक नंबर देतो. बाहेरून बघणारा त्या नंबरावर येतो. कॅमेरा काढून तोच नंबर कॉम्प्युटरला दिला आणि कॉम्प्युटरवर जुनं रेकॉर्डिंग लावलं, तर बघणाऱ्याला वाटणार कॅमेराच चालू आहे. मला वाटलं, काका टाइमपास करतायत."

"त्यांची तब्येत कशी होती?"

"आवाज पार बसलेला. नंतर नंतर तर कागदावर लिहूनच विचारायचे."

आकांक्षा तिथूनच परत फिरली. उर्मिलाबाईंनी दार उघडलं, पण वाट दिली नाही.

"बाई, तुमच्या घरातला कॉम्प्युटर बघायचा होता."

"माझ्याकडे कुठला कॉम्प्युटर?"

"निळ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे तो." आकांक्षाचा आवाज चढला नाही. "ऋग्वेदाला काय दिसतंय हे फक्त तिला आणि मला माहीत होतं. तुम्ही मला विचारलंत, 'अजून' दिसतायत का."

बाईंनी चौकट धरली.

"काका सोमवारी गेले, पण त्यांचा फोन परवा याच इमारतीत बंद झाला. काका आले नाहीत आणि फोन आला, म्हणजे कोणीतरी तो घेऊन आलं. अजितशी काका सारखं 'आम्हाला' म्हणून बोलायचे. या मजल्यावर तुम्ही दोघंच, हे तुम्हीच मला सांगितलंत. मिठाचं पाणी, ज्येष्ठमध, मुलीचा फोन न घेणं, कागदावर लिहिणं. काकांचा घसा गेलाय. कुठल्या हॉस्पिटलात आहेत ते?"

उर्मिलाबाई बाजूला झाल्या. आत टेबलावर जुना कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर तळपदे पेपर वाचत होते.

"परळला," त्या म्हणाल्या. "कॅन्सर. आवाजाची पेटीच काढायला लागली."

त्या खुर्चीत बसल्या आणि बोलू लागल्या. वायर वर्षापूर्वीच टाकली होती. उर्मिलाबाईंच्या घरी इंटरनेट नाही म्हणून तळपदे शिडीवर चढले, बाईंनी खालून शिडी धरली. दोघांनी चुकतमाकत दोन घरं जोडली. मग रोज दुपारी काहीतरी नवीन शिकायचं, दुसरं काम तरी काय होतं? आणि मग घशाचं निदान झालं.

"ऋग्वेदाला कळलं तर ती विमानात बसेल, म्हणाले. बाळाला काही झालं तर मी जगून काय करू? आठवडाभर कॅमेऱ्यासमोर बसले आणि सगळं रेकॉर्ड करून घेतलं. सकाळी सकाळचं, रात्री रात्रीचं लावायचं. तिचे मेसेज आले की त्यांच्या नावाने मी उत्तर द्यायचं. माझ्याकडून शब्द घेतला."

"मग परवा थांबलात का?"

"ऑपरेशननंतर ताप चढला. आयसीयूत नेलं. तिचा मेसेज आला, बाबा, जेवलात का?" त्यांनी पडद्यावरच्या तळपद्यांकडे बघितलं. "काय लिहू? ते आहेत की नाहीत हेच मला माहीत नाही. आयसीयूत फक्त नातेवाइकांना सोडतात. डॉक्टर मला काही सांगत नाहीत. दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून घरी येते. फोन बंद केला. शब्द नाही मोडला. खोटं लिहिणं तेवढं थांबवलं. म्हटलं, ती कोणाला तरी पाठवेल."

"मी आले तेव्हा बोलला का नाहीत?"

"शब्द दिला होता ना."

परळला जाताना आकांक्षाने ऋग्वेदाला फोन लावला. आधी विचारलं, "जवळ कोण आहे? त्यांना शेजारी बसवा." मग सगळं सांगितलं. पलीकडे रडणं ऐकू आलं, मग राग.

"दोन महिने दोघं मिळून मला फसवत होते?"

"हो," आकांक्षा म्हणाली. उर्मिलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आयसीयूच्या दाराशी नर्सने हात आडवा केला. "बाई, तुम्हाला सांगितलंय ना? नातेवाईक पाहिजे."

उर्मिलाबाई सवयीने मागे सरकल्या. "हो, मी शेजारीण आहे."

आकांक्षाने स्पीकर लावून फोन पुढे धरला.

"मी त्यांची मुलगी," ऋग्वेदा म्हणाली. "मला येता येत नाही. त्यांना आत जाऊ द्या."

"पण या पेशंटच्या कोण?"

नर्सने उर्मिलाबाईंकडे बघितलं. मग फोनमधून आवाज आला, "त्या बाबांचं माणूस आहेत. त्यांना सगळं सांगत जा."

उर्मिलाबाई चपला काढून आत गेल्या. दार मिटलं.

"मॅडम," ऋग्वेदा म्हणाली, "फोन नका ठेवू."

"नाही ठेवत."

आकांक्षा बाकावर बसली. फोन मांडीवर होता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. उर्मिलाबाईंनी उजवा तळहात दुसऱ्या हाताने धरला होता, पाणी सांडू नये तसा.

"ताप उतरलाय. शुद्धीवर आहेत," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं, तिला सगळं कळलं. त्यांनी माझ्या हातावर बोटाने लिहिलं, 'रागावली?'"

"हो म्हणावं!" फोनमधला आवाज हुंदक्यात फुटला. "खूप रागावलेय म्हणावं. आणि नीट जेवा म्हणावं."

उर्मिलाबाई निरोप घेऊन लगेच आत वळल्या. नर्सने या वेळी दार धरून ठेवलं.