रंभाबाईंचा फ्रिज

"तुमची छत्री माझ्या बुटात गळून राहिली."

सीताबर्डीला, व्हरायटी चौकातल्या एका कपड्याच्या दुकानाच्या छपराखाली आम्ही दोघं अंग चोरून उभे होतो. छपरालाच भोक, म्हणून छपराखालीही माझी छत्री उघडी. छातीशी फाइल, आणि शेजारी हा... उंच, सावळा, पाऊस आपल्यालाच भेटायला आल्यासारखा खूष.

"मग बूट सरकवा," मी म्हटलं. "छत्री सरकली तर उत्पन्नाचा दाखला भिजेल."

"दाखला?" तो एकदम गंभीर झाला. "मग राहू द्या. बूट वाळतो."

आणि त्यानं खरंच पाय हलवला नाही. माणसं मी मनातल्या मनात मांडत असते, एकीकडे जमा, एकीकडे नावे. गौरांगच्या खात्यातली पहिली नोंद ही. भिजलेला डावा बूट, जमेला.

मी बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला. बाबा नरखेडकडच्या आमच्या गावात विहिरींवरचे पंप दुरुस्त करतात. पंप बिघडला तर घरात पैसा. मुलींची फी सरकारनं माफ केली, तेव्हा आईनं गल्लीत साखर वाटली होती. पण राहायचं आणि जेवायचं कोण माफ करतं? गावातली पहिली एसटी नागपूरला पोचेपर्यंत कॉलेजात अर्धा दिवस संपतो. पहिलं वर्ष आईच्या गळ्यातल्या डोरल्यावर निघालं. आता विकायला डोरलं नव्हतं. एका ट्रस्टकडे होस्टेल आणि मेसच्या मदतीचा अर्ज केला होता. तो नाकारला गेला तर बिस्तरा गुंडाळायचा.

गौरांग धंतोलीत एका सीएकडे नोकरीला होता. मग पाऊस असो-नसो, आम्ही त्या चौकात भेटू लागलो. तर्री-पोहे एक प्लेट, चमचे दोन. तर्री त्याला सोसत नसे; डोळे पाणावले की म्हणे, "तुझ्याकडे बघून भरून येतं."

"खोटं बोलून राहिला. मिरची लागली."

"दोन्ही एकच गं. किती दिवस मोजणार आहेस मला?"

"बेरीज जुळेपर्यंत."

"आणि नाही जुळली तर?"

"तर... पुन्हा पहिल्यापासून."

एके दिवशी तो पोह्यांना हात न लावता नुसता हसत बसला. त्याचंही शिक्षण त्याच ट्रस्टनं केलं होतं, आणि रविवारी तो त्यांच्यासाठी गृहभेटी करायचा. अर्ज करणाऱ्याच्या घरी जाऊन परिस्थिती बघायची, बसायच्या खोलीचा फोटो काढायचा. "यादीत तुझं नाव दिसलं. तुझं गाव मी मागून घेतलं."

"ओळखीच्या घरी जायचं नाही असा नियम असेल ना?"

"ओळख कुठं आहे? तू तर अजून मोजूनच राहिलीस."

मी हसले. फार महाग पडलं ते हसणं.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचले, तर बैठकीत फ्रिज गुरगुरत होता. शेजारच्या रंभाबाईंचा. गल्लीतल्या पोरांनी उचलून आणलेला. सरपंचांकडच्या खुर्च्या, कुणाचा तरी गालिचा, काचेचे कप.

"आई, ते गरिबी पाहायला येतात!"

"पाहू दे ना. पण नागपूरचा पाहुणा, त्याले काय फाटक्या सतरंजीवर बसवू?"

"तेच तर दाखवायचं आहे."

"गरिबी काय दाखवायची चीज हाय वं?" आई म्हणाली. तिचा आवाज कापला. बाबांनी मला खुणेनं गप्प केलं. गौरांगच तर येणार आहे, समजेल त्याला... असं म्हणून मी झोपले.

तो आला. आईनं त्याला खुर्चीवर बसवलं, थंडगार पाणी दिलं, पोहे दिले, वर संत्रा बर्फी. दारात अर्धी गल्ली. पाहणाऱ्याला वाटावं, मुलगी बघायचा कार्यक्रम आहे. माझेही गाल उगाच तापले होते.

"फ्रिज तुमचाच का, काकू?" त्यानं हळूच विचारलं.

रंभाबाई दारातच उभ्या होत्या. आईनं पदर सावरला. "आमचाच हाय जी!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. फोटो काढायची वेळ आली, तेव्हा आई आपणहून फ्रिजला हात लावून उभी राहिली. लग्नातल्या फोटोतही ती इतकी सुंदर दिसत नाही.

एसटीच्या फाट्यापर्यंत मी त्याला सोडायला गेले.

"कळलं मला," तो म्हणाला. "आत पाण्याच्या बाटलीशिवाय काही नव्हतं."

"मग लिही तसं."

"लिहीन. पण फोटो उलटं सांगतो. तुला कसं कळलं, विचारतील."

"मुलीनं सांगितलं म्हण."

"ती मुलगी तुझी कोण, विचारतील..."

त्याची बोटं माझ्या बोटांजवळ आली आणि थांबली. तेवढ्यात एसटी आली.

तो प्रामाणिक निघाला. असा माणूस लांबून बघायला फार छान. ट्रस्टच्या यमुताईंना त्यानं सगळं सांगून टाकलं, आणि माझं घर दुसऱ्या कुणी पाहावं अशी विनंती केली. त्याच्या गृहभेटी बंद झाल्या. यमुताई स्वतः गेल्या, न कळवता. आई दारात चुलीसाठी तुरीच्या काड्या मोडत होती. फ्रिज नव्हता, खुर्च्या नव्हत्या, सतरंजी होती. मला वाटलं, झालं काम.

त्यांनी मला धरमपेठेतल्या कार्यालयात बोलावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मिनल, मी वर्षानुवर्षं घरं बघतेय. भेट आहे म्हटलं की लोक टीव्ही शेजारी नेऊन ठेवतात, मोटरसायकल वावरात लपवतात. उसनं आणून मांडणारं घर मी अजून पाहिलं नाही. आधी फ्रिज होता, मी गेले तेव्हा नाही. मी काय समजू?"

"रंभाबाईंना विचारा, ताई."

"शेजारीण तुमचीच. आणि फोटो काढणारा म्हणतो, मला ती मुलगी आवडते. मग त्याचं तरी खरं कसं धरू? यंदा नाही जमणार, बेटा."

इतर मुलींना असं कुणी मोगऱ्याच्या वासात सांगतं म्हणे. मला ते नामंजुरीच्या कारणांत कळलं.

फोनवर आईला नकार सांगितला. ती म्हणाली, "त्या पोराले काही कमी पडलं का वं आपल्याकडून?"

"नाही, आई. काहीच कमी नव्हतं."

होस्टेलची खोली रिकामी केली. गणेशपेठेच्या एसटी स्टँडवर गौरांग आला, धापा टाकत. माझी ट्रंक त्यानं उचलली. खाली ठेवायचं त्याला सुचेना.

"मला सांगायच्या आधी यमुताईंना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं ना. तू कधी विचारलंच नाहीस." मग घाईनं, "मिनल, मेसचं मी भरतो. होस्टेलचंही बघू. पगार आहे माझा..."

"नाही."

"काहून पण? परका आहे का मी?"

"तू भरशील, मग तुझ्यावर रागावायचं असलं की मी आधी पोळ्या मोजीन. मले तुझ्याशी भांडता आलं पाहिजे, गौरांग."

"मग करशील काय?"

"नरखेडला मेडिकलच्या दुकानात जागा आहे. पुढच्या वर्षी... बघू."

पुढच्या वर्षी हा शब्द आम्ही दोघांनी ऐकला आणि दोघांनीही खरा मानला नाही. पहिल्या वर्षानंतर घरी गेलेल्या मुली परत आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीशी बसले. त्यानं गजातून हात आत घातला.

"बेरीज जुळली का तरी?"

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "फार."

वाटलं होतं, हे एकदा बोलून झालं की बाकीचं सगळं सोसेल. नाही सोसलं. ट्रंकेत दुसऱ्या वर्षाची कोरी पुस्तकं होती, आणि बस नरखेडकडेच निघाली होती. तो खिडकीबरोबर चालत राहिला, मग धावत. मी हात सोडला, कारण फाटकाशी तो पडला असता.