किल्ली न केलेलं कुलूप

मंगळवार होता. मारियम्मन देवीपुढे पिठाचा दिवा लावून, उपाशीपोटीच मी ह्यांचा चिंचभात घेऊन परसातल्या भट्टीकडे गेले. हे पत्र्यावर कानस मारत होते. तापल्या लोखंडाच्या वासावरच आमच्या दिंडुक्कलच्या कुलूपवाल्यांच्या गल्लीतली पोरं वाढतात.

दांडीला तयार कुलपं टांगलेली, सगळ्यांच्या कड्या उघड्या. एकच बंद.

"याची किल्ली?"

"नाही केली. काल भर दुपारी एक बाई आली होती, आपल्या पेच्चीसारखीच दिवस भरलेली. म्हणाली, किल्ली नकोच, मिटूनच द्या. मुनियप्पन देवाला लोक नवसाचं कुलूप वाहतात, तसलं काही असेल म्हणून ठोकल्या रिबिटा."

"अहो, पण एकदा किल्ली फिरवल्याशिवाय आपल्यात कुणी कुलूप मिटत नाही!"

"नाही म्हणवेना गं तिला. आज न्यायला येणार होती."

तेवढ्यात घरातून बाळंतपणाला माहेरी आलेल्या आमच्या लेकीची, पेच्चीची, हाक आली. "अम्मा… पाणी गेलं."

शेजारची सीनियम्मा अक्का, जुनी सुईण, लगबगीनं आली. मोटार मागवली, तर ती रेल्वे फाटकात अडकलेली. अक्का म्हणाली, "घरात काही बंद ठेवू नकोस, बाळ अडतं. पेट्या, कपाटं, सगळं उघड. कुलूपवाल्याच्या घरी बाळंतपण! नशीब काढलंस गं पोरी." पेच्ची कळा सोसतसुद्धा हसली.

मी सगळं उघडलं. डबे, दारं, पोरीच्या वेणीची गाठसुद्धा. ऊन डोक्यावर आलं, तरी बाळ जागचं हलेना.

आणि मग भट्टीतून आवाज आला. खट्ट.

हे धावले. एक उघडं कुलूप आपोआप मिटलं होतं. किल्लीनं उघडलं, तोवर पलीकडचं… खट्ट. वारा नव्हता. दर आवाजाला पेच्ची किंचाळायची, "अम्मा… कुणीतरी आतून धरून ठेवलंय गं…"

अक्काच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती हळूच म्हणाली, "हिची नाडी बसत चाललीय. घरात अजून काय बंद आहे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची नजर दांडीवरच्या त्या बंद कुलपाकडे गेली.

"फोडा ते," मी म्हटलं.

"दुसऱ्याचं आहे गं. विश्वासानं दिलेलं…"

"पोर आपली आहे!"

ते कुलूप भट्टीपासून लांब होतं, तरी हाताला ऊबदार लागलं. तापलेल्या लोखंडासारखं नाही… अंगासारखं. मी ते ऐरणीवर धरून मुनियप्पनचा धावा करत राहिले. ह्यांनी छिन्नी लावली. पहिली रिबिट उडाली, तशी आतून उचकीसारखा बारीक आवाज आला. ह्यांचा हात थांबला.

"थांबू नका…"

शेवटची रिबिट तुटली. पत्रा उचकटला. आतल्या पट्ट्यांमधून कोमट पाणी माझ्या मनगटावर ओघळलं, आणि त्याच क्षणी घरात बाळ रडलं.

मुलगी. गोरीपान, ठणठणीत. अक्कानं दृष्ट काढली. मी देवीपुढे डोकं टेकलं. ती बाई कुलूप न्यायला आली नाही.

तिसऱ्या महिन्यात जावई मायलेकींना सासरी, पळनीला न्यायला आले. औक्षण झालं. पेच्चीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि बाळ निळं पडलं. श्वासच नाही. घाबरून मागे आली, तर घरात पाय पडताच बाळ टाहो फोडून रडलं. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. डॉक्टर घरी येऊन गेले. छाती स्वच्छ आहे म्हणाले.

ह्यांनी धंदा सोडला. ऐरण, भाता, एकूण एक कुलूप विकून टाकलं. भट्टीची खोली झाडून रिकामी केली. पोरगी आता रांगते. रस्त्यावरची बकरी बघायला दारापर्यंत येते आणि उंबऱ्याशी हात टेकून थांबते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

देवी इतकी कठोर नसते. म्हणून दर मंगळवारी मी तिला घेऊन एकदा उंबरा ओलांडून बघतेच. काल ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. देवीचं नाव घेत मी उजवा पाय बाहेर टाकला. तिचा श्वास चालू होता! अजून चालू… माझे डोळे भरून आले. मी दुसरा पाय उचलला.

मागे, त्या रिकाम्या खोलीत, खट्ट झालं.

मी जागीच थिजले. पोरगी जागी झाली, तिनं माझ्या खांद्यावरून तिकडे बघितलं आणि तिथून एखाद्या आईनं घ्यायला हात पुढे करावेत, तशी ती हसून तिकडे झेपावली.