काट्यावरचे ओरखडे

"आई, माझी निवड होवो न होवो, अल्ताग्रासिया मातेच्या सणाला इगुईच्या देवळापर्यंत चालत जायचं. चपला घरीच ठेव. नवस माझा, पाय दोघांचे!"

फोनवरचं ते हसणं नीदियाच्या कानात अजून होतं. तिचा सतरा वर्षांचा मुलगा एलिसेर मात्र बेसबॉल अकादमीच्या मैदानावर भर उन्हात कोसळला, तो उठलाच नाही.

"म्हणतात, त्याचं हृदयच कच्चं होतं," ती खासगी तपास करणाऱ्या मिर्ता पोलांकोला म्हणाली. "खरं काय ते कळू दे, बाई. मातेपुढे उभी राहून मी काय सांगू?"

मिर्ता मेहुण्याला, फेलोला, घेऊन अकादमीत गेली.

"पाण्याचं पिंप मी काठोकाठ भरलं होतं," स्वयंपाकीण तोमासा म्हणाली. "माझी कमर साक्षीला आहे! बाकीची पोरं घटाघटा प्यायली. हा नाही. मोठ्या संघांचे पारखी खेळ बघायला येणार, पोट जड नको म्हणे."

प्रशिक्षक रिहो खिळ्यांचे बूट खडखडवत वजनकाट्याशी आला.

"सरावाआधी नि नंतर पोरं नुसत्या चड्डीवर, अनवाणी काट्यावर चढतात. दीड किलो घटलं, म्हणजे अंगातलं पाणी फार गेलं, की त्या दिवशी खेळ बंद. एलिसेर सकाळी सत्तर, तीन तासांनी सत्तर. मग दुपारी पारख्यांसमोर उतरवला."

"मधे काही प्यायला?"

"थेंब नाही. हट्टी कारटं!"

"आकडा कोण वाचतं?"

"मीच. मागे उभा राहून."

मिर्ता खाली बसली. काट्याच्या मागच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. तिथे बारीक ओरखडे होते, जुने आणि नवे.

"काटा बिघडला असणार," फेलो पुटपुटला.

तिनं तोमासाचं दहा किलो तांदळाचं नवं पोतं त्यावर ठेवलं. दहाच भरलं.

संध्याकाळी तिनं नीदियाला तिथेच, रिहोसमोर बोलावलं.

"काटा बरोबर आहे. मग तीन तास घाम गाळून, थेंबही न पिता वजन तेवढंच कसं राहिलं?"

"पोरानं खिशात दगड ठेवले असतील," फेलो म्हणाला.

"नुसत्या चड्डीला कसला खिसा, फेलो? मागच्या कडेवर खिळ्यांचे ओरखडे आहेत. पोरं अनवाणी चढतात. मागे बूट घालून कोण उभा असतो?"

रिहोनं पाय मागे घेतले.

"पाण्याचं घटलेलं वजन यानं काट्याची कडा बुटानं दाबून भरून काढलं. नाहीतर त्याला खेळाबाहेर बसवावा लागला असता. हृदय कच्चं नव्हतं, सुकलेलं पोर यानं भर उन्हात उतरवलं."

"त्याच्याच भल्यासाठी केलं," रिहो म्हणाला. "पारखी पुन्हा वर्षभर आले नसते."

"ओरखडे एका दिवसाचे नाहीत," मिर्ता म्हणाली आणि तिनं पोलिसांना फोन लावला.

नीदियानं काट्याच्या थंड पत्र्यावर तळहात टेकला.

"मातेला सांगायला आता खरं आहे माझ्याकडे."

पहाटे तिनं चपला दाराआड नीट जोडून ठेवल्या, कडी लावली, आणि इगुईच्या रस्त्याला लागली.