बंद घरातलं गरम पाणी

भाणातलं पाणी कोमट होतं.

सबीनाने आधी बोट बुडवलं. मग मनगट, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. भाण म्हणजे न्हाणीघरात चुलीवर कायमचं बसवलेलं तांब्याचं मोठं भांडं. खालची राख गार होती. चुलीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि ते कुठेही तुटलेलं नव्हतं. म्हणजे त्या चुलीत कुणी लाकूड सारलेलं नव्हतं.

तिने भाणाचा काठ चाचपला. पाणी कोमट असेल तर तांबंही कोमट हवं.

काठ गार होता...

हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. सबीना माझी मैत्रीण. पुण्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पाण्याबद्दल ती अंदाजाने बोलत नाही. हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की ती विषय बदलते.

गाव रेडी, गोव्याच्या हद्दीजवळ, समुद्रकाठी. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, भातं कापून झाली होती. आणि वेळ सकाळची होती. चांगलं लख्ख ऊन पडलेलं.

घर तिच्या आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं, गोव्याच्या धाटणीचं. चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे बसायला दगडी बाकं, खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदानं. त्यातून ऊन आत येतं ते दुधासारखं होऊन. पण कौलं सरकलेली, वाशांना वाळवी, भिंतींना कमरेपर्यंत ओल. दुबईत असलेल्या भावाने, ज्युडने, इंटरनेटवर जाहिरात टाकली होती. ‘जुनं देखणं घर विकणे आहे. दुरुस्ती आवश्यक.’

त्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं. जमलं तर साठेखतावर सही व्हायची होती. पुण्यात सबीना अजून भाड्याच्या घरात राहते. आपल्या वाट्यात एक छोटा फ्लॅट, एवढंच तिचं स्वप्न होतं. त्यासाठी हे घर जायला हवं होतं.

घरात शेवटपर्यंत राहिली ती त्यांची थोरली बहीण कोन्सेसांव. दोघं तिला बाय म्हणायची. बायने लग्न केलं नाही. आधी वडिलांचं केलं, मग आईचं, मग घराचं. ही दोघं नाताळला पाहुण्यासारखी यायची. आल्या आल्या भाणात पाणी तापलेलं असायचं, पलंगावर धुतलेल्या चादरी असायच्या. टेबलावर ताटं मात्र दोनच. बाय रांधणीत, म्हणजे स्वयंपाकघरात, उभ्याने जेवायची.

एकदाच, जेवण वाढताना, ती म्हणाली होती, “माझ्या घराचा काय तां सांगा. कोणाच्या नावार?”

“बघूया गो, फुडल्या नाताळाक,” ज्युड म्हणाला होता. सबीना माशाचे काटे काढत राहिली.

पुढचा नाताळ आला. त्याच्या पुढचाही. बायने परत विचारलं नाही. ती फक्त ताट वाढताना थोडी थांबायची आणि दोघांकडे बघायची. आणि मग एका पावसाळ्यात, भर जुलैत, ती गेली. शेजारच्या सुगंधाला दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हापासून घराला कुलूप होतं. किल्ली सबीनाच्या पर्समध्ये, पुण्यात.

न्हाणीघरातून ती बाहेर आली तेव्हा अंगणात गणपत उभा होता. हातात नारळ, मागे त्याची बायको सुगंधा.

“काय गो सबीना, तोंड असा कित्या? गिऱ्हाईक पळाला काय?”

“नाय रे गणपतदादा. अजून येऊचा आसा.”

“मगे बरा. आधी गाऱ्हाणा घालूया.”

तिकडे घर बांधा, पाडा, विका, आधी जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या रक्षक देवाला, सांगावं लागतं. नारळ ठेवून, मोठ्याने. ख्रिस्ती घरंही सांगतात. सबीनाच्या वडिलांसाठी गणपतचा बाप गाऱ्हाणं घालायचा, आणि पाद्रींना ठाऊक असूनही ते त्या वेळी नेमके फिरायला गेलेले असायचे.

फणसाखाली एक दगड होता. गणपतने त्याच्यापुढे नारळ ठेवला आणि मान वळवली.

“धनी म्हणान नाव कोणाचा घेव?”

“म्हणजे?”

“घराचो धनी नको सांगूक? सगळ्यात आधी तोच सांगूचो लागता. आमच्याकडे चुकीचा नाव घेतला तर राखणदार ऐकणा नाय.”

सबीनाने क्षणभर विचार केला. कायद्याने बघितलं तर उत्तर सोपं होतं.

“ज्युडचा घे. आणि माझा.”

सुगंधा पुटपुटली, “होय तर. झाडलोट करूक एक आणि धनी दोन.”

“गप रव गो,” गणपत म्हणाला. मग त्याने हात जोडून आवाज चढवला. “बा राखणदारा म्हाराजा... ह्या जाग्यात पिढ्यांपिढ्यो रवलेली तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” सुगंधा आणि सबीना म्हणाल्या.

“ह्या घराचे धनी ज्युड आणि सबीना, ह्यां घर दुसऱ्याच्या हाती देतत, तां तू मानून घे रे म्हाराजा...”

सबीना म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

सुगंधाने जोडलेले हात खाली घेतले.

आणि त्याच वेळी, घराच्या आतून, दाराला कडी घातल्याचा आवाज आला...

पुढचं दार तर उघडंच होतं. सबीनाला समोर दिसत होतं.

“वारो,” गणपत म्हणाला. फणसाचं पानही हलत नव्हतं. सुगंधाने डोक्यावर पदर घेतला. घाईघाईने नारळ फोडून दोघं निघून गेली. प्रसादाचा तुकडा द्यायलाही थांबली नाहीत.

गिऱ्हाईक कोल्हापूरचं. ओमकार आणि दीपिका, तरुण जोडपं. त्यांना घर नीट करून पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. गाडीतून उतरल्या उतरल्या दीपिका खिडक्या बघून वेडी झाली.

“मी आत जाऊ? एकटीच बघते. हा आला की फक्त भेगा मोजतो.”

“भेगा बघायलाच आणलंयस ना मला,” ओमकार म्हणाला.

सबीना त्याच्याबरोबर घराच्या मागे गेली. तो भिंत ठोकून बघत होता, ती उत्तरं देत होती. ज्युड फोनवर होता, मधूनमधून विचारत होता, “आवडला काय त्यांका?”

मागे विहीर आहे. घराच्या आतून दीपिकाचा आवाज येत होता. बोलण्याचा. मग हसण्याचा. मग पुन्हा बोलण्याचा, मध्ये थांबून, समोरच्याचं ऐकल्यासारखा.

“फोन आला वाटतं तिला,” सबीना म्हणाली.

“तिचा फोन माझ्याकडे आहे,” ओमकार म्हणाला.

विहिरीवरचा रहाट करकरला. एकदा... आणि पुन्हा एकदा...

सबीनाने वळून बघितलं. रहाट स्थिर होता. त्याला दोरच नव्हता.

थोड्या वेळाने दोघं पुढे अंगणात आली, तोच दीपिका बाहेर आली. चेहरा खुललेला. ओले हात ओढणीला पुसत होती.

“तुमच्या ताई किती छान आहेत हो. सगळं घर दाखवलं त्यांनी. कुठला वासा बदलायचा, कुठलं कौल गळतं, सगळं पाठ आहे त्यांना. माझे हात धुळीने लाल झाले होते, तर गरम पाणी काढून दिलं.”

सबीनाने न्हाणीघराकडे बघितलं.

“कोण ताई?”

“नाव नाही विचारलं. उंच आहेत, केस पांढरे. ही ज्युडची खोली, ही सबीनाची, असं दाखवत होत्या. मी म्हटलं, तुमची कुठली? तर म्हणाल्या, माझी अशी नाय.” दीपिका हसली. मग थोडी गोंधळली. “शेवटी मी विचारलं, घर तुमचंच ना? तुमची हरकत नाही ना विकायला? तर माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘विचारून सांगतंय.’ आणि आत गेल्या. तुमच्याकडेच आल्या असतील ना?”

पाहुणे ठेवायचे की नाही, आंबा कुणाला द्यायचा, गळणारं कौल बदलायचं की नाही, बाय शेजाऱ्यांना तेवढंच सांगायची. विचारून सांगतंय. मग दोघांना फोन लावायची.

सबीना आत गेली. एकटीच. फोन हातात तसाच चालू होता.

उंबरठा ओलांडला आणि समुद्राची गाज बंद झाली. त्या घरात ती कधीच थांबत नाही. पण तेव्हा एकदम काही नाही... कानात कापूस घातल्यासारखं.

रेडीत खाणीची तांबडी धूळ सगळीकडे बसते. बंद घरात तर साय धरल्यासारखी. सबीना सकाळी बाहेरूनच न्हाणीघरात गेली होती; इथे जमिनीवर फक्त दीपिकाच्या चपलांचे ठसे होते. सबीनाने ते नीट बघितले, तिची सवयच ती. ठसे कुठेही वाटेच्या मधून गेलेले नव्हते. सगळीकडे एका अंगाने. शेजारून कुणीतरी चालतंय आणि आपण त्याला जागा देतोय, असे.

ती शेजारची जागा कोरी होती. धूळ जशीच्या तशी...

ती न्हाणीघराशी पोचली. भाणावर वाफ होती. चुलीच्या तोंडावरचं जाळं तसंच अखंड.

तिने वळायचं ठरवलं. पण वळता आलं नाही, कारण मागे कुणीतरी उभं होतं.

स्पर्श नाही. आवाज नाही. फक्त पाठीला ती जाणीव. जेवण वाढता वाढता कुणी थांबावं, आणि काही न बोलता बघत राहावं, तशी.

“सबी,” फोनमधून ज्युड म्हणाला, “त्यांका थांबवून ठेव नको. सही करून टाक. आसस मां?”

तिला तो पुण्यातला फ्लॅट दिसला. छोटा, सकाळचं ऊन येणारा, दारावर तिच्या नावाची पाटी. तो तिने डोळ्यांसमोर जरा वेळ धरून ठेवला. वाफ तिच्या चष्म्यावर बसत होती. मागचं माणूस वाट बघत होतं. अजिबात घाई न करता.

“सबी? काय ठरला तां सांग.”

तिने फोन कानापासून दूर धरला. तिचे शब्द स्पष्ट होते. ते ज्युडला ऐकू गेले, आणि अंगणातल्या दोघांनाही.

“बाय,” ती म्हणाली, “ह्यां घर तुझा आसा.”