सर्दीला क्लोरीन म्हणणारी

घसा बघायला आलेल्या माणसानं घसा बघावा, डोळ्यांत कशाला डोकवावं? आत्याबाईंची तक्रार एवढीच होती. जलतरण संघाचा हा नवा डॉक्टर तलावाशेजारच्या खोलीत त्यांच्या भाचीला तपासत होता आणि टॉर्च विझला तरी तिला तोंड उघडं ठेवायला लावत होता.

"मिटू का आता?" भाचीनं कसंबसं विचारलं. "की आत काही हरवलंय तुमचं?"

"हो... म्हणजे नाही. मिटा."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. आईवेगळ्या पोरीला त्यांनी वाढवलं होतं, लाडानं बेडकी म्हणत. बेडकीला कोण कसं बघतं, ते त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं.

दोघांची गाठ पडली तीच मुळी शिंकेवर. तलावाच्या पायऱ्यांवर ही शिंकली ती थेट त्याच्या परीटघडीच्या शर्टावर. "क्लोरीन लागलंय," असं म्हणून मोकळी झाली. पोहणाऱ्या पोरींची ही रीतच. स्पर्धा तोंडावर आली की सर्दी हा शब्द कोणी काढत नाही; नाक गळो, घसा बसो, सगळं क्लोरीनच्या माथी. हा बापडा नवखा. खरं मानून त्यानं डोळ्यांत घालायचे थेंब दिले. ते संपवून ती बाटली परत करायला गेली.

"डोळे झकास झाले. नाक तेवढं अजून गळतंय."

तो कानापर्यंत लाल झाला, आणि मग हसला. तेव्हापासून तिचा घसा जरा जास्तच तपासला जाऊ लागला.

आज मात्र चेष्टा नव्हती. संध्याकाळी अंतिम शर्यत होती. पहिल्या दोघींना देशाच्या संघात जागा, बाकीच्यांनी घरी जायचं. आणि डॉक्टरनं होकार दिल्याशिवाय पोहणं शिकवणारे सर तिला पाण्यात उतरू देणार नव्हते.

"ताप नाही. छाती साफ आहे," तो म्हणाला. "तरी... आज नका पोहू."

भाचीनं नाकावरचा टॉवेल बाजूला केला. "काल संघातल्या एका मुलीलाही एवढीच सर्दी होती. तिला काय म्हणालात?"

"जा म्हणालो."

"का?"

"साध्या सर्दीनं फारसं बिघडत नाही. थोडा वेग कमी होतो – कधी तोही होत नाही."

"मग मलाच का अडवताय?"

तो स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत राहिला. "तिच्या काळजीनं माझी झोप उडाली नव्हती."

बाहेर पाणी काठावर थपथप आपटत होतं. आत्याबाई भिंतीवरच्या फरश्या निरखू लागल्या.

"हे तुमच्या डॉक्टरकीत बसतं?" भाचीनं हळूच विचारलं.

"नाही बसत."

"मग सरांना हो सांगा. आणि जे बसत नाही... ते मी बाहेर आल्यावर मला सांगा."

त्यानं हो सांगितलं.

ती जीव तोडून पोहली. शेवटच्या टप्प्यात तिचे खांदे जडावल्यासारखे वाटले. पण तसे ते इतरजणींचेही वाटत होते. दुसऱ्या आलेल्या मुलीचा हात भिंतीला लागला आणि लगेच हिचा. ही तिसरी. अंतर म्हणाल तर पंज्याएवढं.

केसांतून पाणी निथळत ती खोलीत आली, तेव्हा तो उभाच होता, चेहरा उतरलेला.

"चूक माझी. तुम्हाला पोहू द्यायला नको होतं. सर्दी नसती तर तुम्ही –"

"ती माझ्यापेक्षा चांगली पोहली," भाची म्हणाली. आवाज कापत होता, मान ताठ होती. "माझी हार तरी माझी राहू दे. सर्दीला कशाला देतोस?"

ती त्याला तू म्हणाली. त्याच्या ते ध्यानात आलं, आत्याबाईंच्या तर आधीच. त्यानं कोरडा टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला आणि हात काढायचा विसरला.

"बाहेर आल्यावर सांगायचं होतं," तो पुटपुटला. "मला तू... मला तू फार आवडतेस."

"कळलं," ती म्हणाली, आणि आता कुठे तिला रडू फुटलं. त्याच्याच शर्टावर.

आत्याबाईंनी पोटभर रडू दिलं. मग घसा खाकरून त्या डॉक्टरसमोर उभ्या राहिल्या.

"ऐक. उद्यापासून हिचा घसा दुसरा डॉक्टर बघेल. नाडी हिची धरतोस नि धडधड तुझी वाढते, असला डॉक्टर आम्हाला परवडायचा नाही. माणूस म्हणून मात्र चालशील. घरी येत जा."